उष्ट्याचा ड्रम आणि लाल अंबाडी

लग्नकार्यात नव्यानं ओळख झाली की लोक विचारतात, ‘‘आपण काय करत होतात?’’ मी सांगते, ‘‘सव्वीस वर्षं लोकांचं उष्टं बघत होते.’’ समोरचा माणूस हातातल्या ताटाकडे बघतो आणि हळूच बाजूच्या खुर्चीवर सरकतो. मला त्याची गंमत वाटते, पण खरं तेच आहे. नागपूरच्या कोराडी रस्त्यावरच्या एका ओतकामाच्या कारखान्यात मी कँटीन अधिकारी होते. आठशे माणसं जेवायची. त्यांच्यासाठी मी कधी एक पोळीसुद्धा लाटली नाही. माझं खरं काम जेवण संपल्यावर सुरू व्हायचं.

कँटीनच्या दाराशी, हात धुण्याच्या नळाजवळ, एक निळा प्लॅस्टिकचा ड्रम असे. ताटात उरलेलं प्रत्येकानं त्यात टाकायचं. त्या ड्रमवर मी आमच्या पेंट शॉपमधून तीन पट्टे मारून घेतले होते. तळाशी हिरवा, मध्ये पिवळा, गळ्याशी लाल. उष्टं हिरव्याच्या खाली राहिलं, तर घरी सक्करदऱ्याला जाताना मी सीताबर्डीला उतरून स्वतःला कुल्फी घेत असे. लालला टेकलं, तर घरातल्या माणसांनी त्या दिवशी माझ्याशी बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता. कामगार तोंडावर खरं कधीच सांगत नाही. ‘‘एकदम झकास मॅडम!’’ म्हणतो आणि अर्धी भाजी ड्रममध्ये ओतून जातो. ड्रमला असला शिष्टाचार नव्हता.

आमचे मुख्य आचारी नत्थूजी. उमरेडच्या विणकर घरातले. वडिलांचा हातमाग बंद पडला, तेव्हा नत्थूजी नागपुरात आले आणि लग्नाच्या पंगती रांधणाऱ्या आचाऱ्यांच्या हाताखाली शिकले. उंच, सडपातळ, खांद्यावर पंचा. स्वतःच्या तर्रीचा, म्हणजे झणझणीत रश्शाचा, एवढा अभिमान, की तिच्यावर बोटभर तेल तरंगलं नाही तर त्यांना तो अपमान वाटे. आमचं पटायचं, पण भांडण झाल्याशिवाय नाही.

कारखान्यात दरवर्षी सगळ्यांची तपासणी व्हायची. एका वर्षी तपासणी संपल्यावर डॉक्टर कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, ‘‘मॅडम, चाळिशीतली माणसं आहेत, आणि कुणाला साखर, कुणाला रक्तदाब. भट्टीचा धूर आणि उष्णता आहेच. पण तुमचं ताट बघा. सगळा एकच रंग.’’ मी बघितलं. बटाटा पिवळा, वरण पिवळं, तर्री तपकिरी, भात आणि पापड पांढरे. मला भयंकर राग आला, कारण ते खरं होतं आणि गृहविज्ञानाची पदवी माझ्याकडे होती, त्यांच्याकडे नव्हती.

अहवाल मोठ्या साहेबांकडे गेला. साहेब नवे होते, उत्साही होते. त्यांनी बाहेरून एक सल्लागार बोलावला आणि दसऱ्यानंतर आमच्या कँटीनमध्ये ‘हेल्थ मेनू’ आला. ब्रोकोली, ऑलिव्हचं तेल, ग्रीन टी आणि कुठली तरी परदेशी वाळवलेली बोरं. भट्टीवर काम करणारा एक जण ताट घेऊन माझ्या टेबलाशी आला.

‘‘मॅडम, हे फुलगोबी हिरवी काहून पडली?’’

‘‘ती ब्रोकोली आहे हो. तब्येतीला चांगली असते.’’

‘‘असन. पण हा चाय हाय का भांडे धुतलेलं पाणी, तेवढं सांगून द्या.’’

दुसऱ्याच दिवशी ड्रम लाल पट्ट्याच्या वर गेला. तिसऱ्या दिवशी शेजारी बादली ठेवावी लागली. कारखान्याबाहेरच्या समोसेवाल्याची मात्र चंगळ झाली. पंधरा दिवसांनी साहेबांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, ‘‘जानेवारीच्या शेवटी मी स्वतः येऊन बघेन. ड्रम असाच भरत असेल, तर स्वयंपाकघर बंद करू. बंद ट्रेमधून जेवण पुरवणारा ठेकेदार तयार आहे.’’

आमच्या स्वयंपाकघरात चौदा माणसं होती. त्यातल्या नऊ बायका. भांडी आणि भाजी बघणाऱ्या शशिकलाबाईंचं सगळं घर त्यांच्या एकटीच्या हातांवर चालत होतं. नत्थूजींना निवृत्तीला अजून काही वर्षं होती, आणि त्या वयात त्यांना लग्नाच्या पंगतीत परत कोणी उभं केलं नसतं. मी ही बातमी सगळ्यांना सांगितली. नत्थूजींनी फक्त खांद्यावरचा पंचा काढून घडी घातली आणि पुन्हा खांद्यावर टाकला.

त्या दुपारी बायका मागच्या ओट्यावर जेवायला बसल्या होत्या. कँटीनचं जेवण त्यांना फुकट होतं, तरी त्या घरचा डबा आणत. इतकी वर्षं मी ते बघत होते, पण का आणतात हे कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी शशिकलाबाईंच्या डब्यात वाकून पाहिलं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची काळपट चटणी, आवळ्याची फोड आणि लाल अंबाडीच्या बोंडांची माणकासारखी चटणी. सल्लागारानं विमानातून आणलेले सगळे रंग एका ॲल्युमिनियमच्या डब्यात बसले होते.

‘‘शशिकलाबाई, हे आपण कँटीनमध्ये का करत नाही?’’

‘‘काईतरीच ताई! हे आमचं गरिबाचं खाणं. साहेब लोकाइच्या कँटीनमंदी कोणी वाढते काय?’’

बाजूची म्हणाली, ‘‘हासतीन ना वं लोक आपल्याले.’’

मी म्हटलं, ‘‘हसू देत. हसताना तोंड उघडतं, तेवढंच आपल्याला हवं आहे.’’

आता या धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. सफरचंद कापून ठेवलं की लाल-तपकिरी पडतं. लिंबू चोळलं तर बराच वेळ पांढरं राहतं. आपल्या शरीरातही रोजच्या जगण्यानं, धुरानं, उन्हानं, वयानं अशी थोडी थोडी झीज होत असते. ती आवरायला मदत करणारी द्रव्यं म्हणजे अँटिऑक्सिडंट. ती आवळ्या-संत्र्यात असतात, पालेभाजीत असतात, जवसात, हळदीत असतात, आणि जांभळासारख्या, लाल अंबाडीसारख्या गडद रंगांत तर भरपूर. एक दिवस खाऊन काही होत नाही. ती रोज, वर्षानुवर्षं, थोडी थोडी पोटात जावी लागतात. मी कापलेलं सफरचंद घेऊन जेवणाच्या रांगेसमोर उभी राहिले आणि हेच सांगितलं. लोखंडात काम करणाऱ्यांना गंज समजावून सांगावा लागत नाही.

मागून आवाज आला, ‘‘म्हंजे मॅडम, तुमी आमाले आतून रेड ऑक्साइड मारून राहिल्या!’’

गंजू नये म्हणून लोखंडाला मारतात तो रंग! सगळे हसले. मीही हसले. तोंडं उघडली होती.

पहिल्या दिवशी अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि पेलाभर लाल अंबाडीचं सरबत ठेवलं. नत्थूजींनी नाक मुरडत रांधलं. ‘‘माह्या मायच्या हातचं मी लोकाइले वाढू काय?’’ असं म्हणत होते, पण फोडणीचा लसूण त्यांनी मन लावून तळला. पहिल्याच घासाला एक मशीनवाला मोठ्यानं म्हणाला, ‘‘अबे, हे तं माह्या घरचं हाय!’’ त्या दिवशी ड्रम पिवळ्या पट्ट्याच्या खाली होता. शशिकलाबाई ड्रमपाशी उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या आणि मला म्हणत होत्या, ‘‘धूर गेला ताई डोळ्यात.’’ धूर कुठेच नव्हता.

मग मी चढले. माणूस जिंकायला लागला की असाच चढतो. कँटीनच्या फळ्यावर मी रोज रंगीत खडूनं लिहू लागले. ‘आवळा खा, दवाखाना विसरा!’ ‘अंबाडी आली, रक्तदाब पळाला!’ अक्षर सुंदर होतं, मजकूर निव्वळ मूर्खपणाचा. तीन आठवड्यांनी क्रेन चालवणाऱ्या शेंड्यांना शिडीच्या पहिल्याच पायरीवर चक्कर आली. शिडीच्या टोकाला असते तर आज मी हा लेख लिहिला नसता. डॉक्टरांनी विचारल्यावर कळलं, त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या होत्या.

मी भेटायला गेले, तर ते उलट मलाच समजावत होते. ‘‘तुमीच तं लिहलं ना मॅडम, रक्तदाब पळाला म्हणून. मंग गोळी कायले खाऊ?’’

मला मान वर करता आली नाही. त्याच दिवशी फळा पुसला आणि नव्यानं लिहिलं, ‘हे औषध नाही, जेवण आहे. गोळी डॉक्टरांनी दिलेलीच घ्या, आणि वर भाजी खा.’ ते वाक्य माझ्या निवृत्तीपर्यंत तिथं राहिलं.

डिसेंबर आला आणि ड्रम पुन्हा चढू लागला. अंबाडी खपत होती, सरबत खपत होतं, पण पालक, मेथी आणि चवळीच्या शेंगा परत येत होत्या. दिसायला भाजी सुरेख. पोपटासारखी हिरवीगार. खाल्ली तर लिबलिबीत, आणि मागून साबणासारखी चव. मला संशय आला. लग्नाच्या पंगतीतली ही जुनी युक्ती आहे. खायचा सोडा चिमूटभर टाकला की भाजी लवकर शिजते आणि हिरवी राहते. फक्त तिच्यातलं क जीवनसत्त्व जातं आणि बाकीचंही बरंच काही. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच जातं.

‘‘नत्थूजी, सोडा टाकता का?’’

‘‘सोडा? मी? आईच्यान मॅडम, नाई!’’

दोनदा विचारलं, दोनदा आईची शपथ. आईच्या शपथेपुढे मी हात टेकले.

उलगडा शशिकलाबाईंनी केला, तोही नकळत. एका दुपारी त्या सांडपाण्याच्या मोरीपाशी भांडी रिकामी करत होत्या. पालक उकडून निथळलेलं पाणी एका पांढऱ्या तसराळ्यात होतं. त्यात त्यांनी पेल्यात उरलेलं अंबाडीचं लाल सरबत ओतलं आणि ओरडल्या, ‘‘ताई! हे काय झालं वं माय!’’

सरबत लाल राहिलं नव्हतं. तसराळ्यात शेवाळी-निळं, भुतासारखं पाणी झालं होतं. मी धावत गेले आणि क्षणात शाळेची प्रयोगशाळा आठवली. लाल अंबाडीचा रंग आंबटात लाल राहतो आणि सोड्यात निळा-हिरवा पडतो. मी दुसऱ्या भांड्यात साधं पाणी घेतलं, सरबत घातलं. गुलाबी. लिंबू पिळलं. आणखी लाल. मग चिमूटभर सोडा टाकला. पुन्हा तेच भूत.

तोवर सगळं स्वयंपाकघर भोवती गोळा झालं होतं. नत्थूजी मागे उभे होते. मी आता त्यांना सगळ्यांसमोर फाडून खाणार होते, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ते म्हणाले, ‘‘मॅडम, तुमीच रोज म्हणून राहिले होते ना. रंग पायजे नत्थूजी, रंग टिकला पायजे. डेगमंदी भाजी काळपट पडे. मले वाटलं, साहेब पायतीन, कँटीन बंद करतीन. म्हणून रंग ठेवला. शपथ खोटी खाल्ली, त्याची माफी मांगतो.’’

माझा राग तिथंच जिरला. खरंच मी दोन महिने रंग, रंग, रंग एवढंच ओरडत होते. त्या माणसानं मला हवं तेच दिलं होतं. रंग कशासाठी, हे मी आठशे कामगारांना सफरचंद दाखवून समजावलं, पण रांधणाऱ्याला समजवायचं विसरले. मी नत्थूजींची माफी मागितली, सगळ्यांसमोर. मग आम्ही ओट्यावर बसून ठरवलं. भाजी थोडी थोडी, तीन हप्त्यांत शिजवायची. पाणी कमी, झाकण उघडं, वेळ थोडा, आणि लिंबू ताटात वाढताना. भाजी थोडी काळपट दिसली तर दिसू द्यायची.

‘‘अन् साहेब?’’ नत्थूजींनी विचारलं.

‘‘साहेबांचं मी बघते,’’ मी म्हटलं. कसं बघणार होते, ते मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी साहेब आले. सोबत ठेकेदार, इस्त्रीचा शर्ट घातलेला, आणि त्याची दोन माणसं चकचकीत ट्रे घेऊन. साहेबांनी सरळ हिशोब ठेवला होता. दोन खिडक्या, सारखेच पट्टे मारलेले दोन ड्रम. ज्याला जिथं जेवायचं तिथं जेवावं. ठेकेदाराच्या ट्रेमध्ये फरसबी आणि मटार असे काही हिरवे होते, की आमची पालकभाजी त्यांच्यापुढे आजारी वाटत होती. साहेबांनी दोन्हीकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘मॅडम, फरक तर दिसतोच आहे.’’

तेवढ्यात नत्थूजी खिडकीमागून बाहेर आले. हातात सरबताचा जग आणि दोन पांढऱ्या बशा.

‘‘साहेब, एक मिनिट,’’ ते म्हणाले. आपल्या पालकाचं पाणी त्यांनी एका बशीत निथळलं. ठेकेदाराच्या ट्रेच्या तळाचं पाणी दुसऱ्या बशीत घेतलं. ठेकेदार म्हणाला, ‘‘अरे, ये क्या कर रहे हो?’’

‘‘काई नाई भाऊ. सरबत पाजून राहिलो.’’

आमच्या बशीत चमचाभर सरबत पडलं आणि तांबूस लालच राहिलं. दुसऱ्या बशीत पडलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर निळं-हिरवं होत गेलं. रांगेतली माणसं पुढे वाकली. मागचे विचारू लागले, ‘‘का झालं बे? का झालं?’’

‘‘सोडा हाय साहेब,’’ नत्थूजी म्हणाले. ‘‘यानं भाजी हिरवी दिसते, पण तिच्यातली ताकद जाते. यायले मी काय नाव ठेवू? मी बी हेच करत होतो. डिसेंबरपर्यंत केलं. आमच्या शशिकलाबाईनं पकडलं मले. आमची भाजी आज काळी दिसते, पण जे दिसते तेच हाय.’’

कोणी तरी टाळी वाजवली, आणि मग सगळी कँटीन वाजू लागली. कारखान्यात ताटांवर चमचे बडवणं म्हणजे संप असतो. त्या दिवशी आठशे चमचे आमच्यासाठी बडवले गेले. शशिकलाबाई खिडकीच्या आत उभ्या होत्या. या वेळी त्यांनी धुराचं नाव घेतलं नाही, सरळ रडल्या. आणि मीही.

जेवणं संपल्यावर साहेब स्वतः ड्रमपाशी गेले. ठेकेदाराचा ड्रम पिवळ्याच्या वर होता, आणि त्याच्याकडे जेवायला माणसंच थोडी गेली होती. आमच्या ड्रममध्ये लिंबाच्या साली, आवळ्याच्या बिया आणि थोडा भात. हिरव्या पट्ट्याच्या कितीतरी खाली. साहेब वाकून बघत राहिले. मग त्यांनी शशिकलाबाईंकडून एक पेला सरबत मागून घेतलं आणि उभ्यानं प्यायले. स्वयंपाकघर बंद करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं तेच ताट चाललं. तर्री गेली नाही, आठवड्यातून एकदा राहिली, फक्त वरचं तेल बोटाऐवजी नखभर झालं. डॉक्टर पुढे म्हणाले, ‘‘तपासणीत माणसं बरी दिसताहेत मॅडम. पण श्रेय एकट्या अंबाडीला देऊ नका हं. तेल कमी झालं, समोसे कमी झाले, गोळ्या वेळेवर घेताहेत.’’ मी म्हटलं, ‘‘एकटीला नाही देत. पण तिला पहिल्या रांगेत बसवते.’’ शेंडे ठरलेल्या वयाला, स्वतःच्या पायांनी क्रेनवरून उतरून निवृत्त झाले. मागे मेट्रोत भेटले तेव्हा त्यांनी एका खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली आणि दुसऱ्यातून जवसाच्या चटणीची पुडी. ‘‘दोनी हाय मॅडम,’’ म्हणाले. मी भर डब्यात त्यांचा हात दाबला.

माझ्या निरोपाच्या दिवशी कारखान्यानं शाल दिली, घड्याळ दिलं. स्वयंपाकघरानं तो निळा ड्रम दिला, घासूनपुसून लख्ख. दोन माणसांनी तो रिक्षाला बांधून सक्करदऱ्याला पोचवला. शेजाऱ्यांना वाटलं, पाण्याची टंचाई येणार आहे. मी त्याच्या तळाला भोकं पाडली, माती भरली आणि गच्चीवर त्यात लाल अंबाडी लावली. दर हिवाळ्यात ती लाल पट्ट्याच्याही वर डोक्याएवढी होते आणि बोंडांनी लगडते. उष्ट्यासाठी जी रेघ मी छातीत धडधड घेऊन बघायची, तिच्यावर आता काहीही चढलं तरी मला आनंदच होतो.

यंदाही बोंडं लागली आणि नत्थूजी आले. सत्तरी ओलांडली आहे, पण सायकलवर आले, आणि दोन जिने न थांबता चढले. मी सरबत केलं, पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, फिरवून फिरवून रंग पाहिला, माझ्याकडे संशयानं बघितलं आणि विचारलं, ‘‘मॅडम, खरं सांगजा. सोडा तं नाई टाकला?’’

‘‘आईची शपथ,’’ मी म्हटलं.

‘‘मंग तं पयले तपासावंच लागन,’’ म्हणत त्यांनी ते एका दमात पिऊन टाकलं आणि रिकामा पेला पुन्हा पुढे केला.